रोजच्या वापरातले चिनी शब्द आणि त्यांचे अर्थ : इंग्रजीचा वळसा न घेता, थेट मराठीतून

मोबाईलवर रील्स बघता बघता एखादा चिनी व्हिडिओ समोर येतो. माणसं काहीतरी बोलत असतात आणि खाली इंग्रजी अक्षरांत दोन ओळी असतात. मग आपण 'चिनी शब्द आणि त्यांचे अर्थ' असं शोधतो. जी यादी मिळते तीही इंग्रजीतच. तीत उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि अर्थही इंग्रजीत. आपण ती मराठी डोक्याने वाचतो आणि बोलायला गेलो की समोरच्या चिनी माणसाला काही कळत नाही.

खरं तर चिनी भाषेतल्या कितीतरी गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत. ख, थ, छ हे आवाज आपल्याकडे आहेत. वाक्याच्या शेवटी लावायचा 'का' आहे. मामा, आत्या, मावशी ही वेगवेगळी नाती आहेत. म्हणून या लेखात आपण रोजचे चिनी शब्द थेट मराठीतून समजून घेऊ. कोणत्या शब्दांत फसायला होतं आणि त्यामुळे पैशांचं नुकसान कसं होऊ शकतं, तेही पाहू.

'चिनी' म्हणजे नेमकी कोणती भाषा?

चीनमध्ये अनेक भाषा आणि बोली आहेत. शाळा, सरकारी काम आणि टीव्ही यांची प्रमाण भाषा म्हणजे मँडरिन. चीनमध्ये तिला 'फू-थोंग-ह्वा', म्हणजे 'सर्वसामान्य बोली' म्हणतात. हाँगकाँग आणि ग्वांगचौ भागात कँटोनीज बोलली जाते आणि तिचे उच्चार बरेच वेगळे असतात. या लेखातले शब्द मँडरिनचे आहेत.

इंग्रजी अक्षरं आपल्याला कशी फसवतात?

चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या सरकारी पद्धतीला 'पिनयिन' म्हणतात. १९५८ साली चीनने ती स्वीकारली. या पद्धतीत अक्षरं रोमन असली तरी त्यांचे आवाज इंग्रजीसारखे नाहीत.

मँडरिनमध्ये ब, द, ग हे आवाज स्पर्शव्यंजन म्हणून नाहीतच. तिथे फरक होतो तो प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यात. पिनयिनमध्ये 'बी' अक्षर दिसलं की त्याचा आवाज साधारण 'प' असतो. 'पी' दिसलं की 'फ', म्हणजे 'फळ'मधला फ, 'फोटो'मधला नव्हे. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क' आणि 'के' म्हणजे 'ख'. 'क्यू' म्हणजे चक्क 'छ' आणि 'एक्स' म्हणजे 'श'. आपण ज्याला बीजिंग म्हणतो त्या शहराचा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो, तो यामुळेच.

मराठी माणसाचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे 'च' दोन प्रकारचा आहे. 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चमचा'तला च वेगळा. चिनी भाषेतही हे दोन्ही आवाज आहेत. या लेखात 'चमचा'तला च 'त्स' असा लिहिला आहे. तिसरा एक च जीभ मागे वळवून काढतात. 'ष' हाही जीभ वळवूनच म्हणायचा असतो.

चार सूर

चिनी भाषेत खरी मेहनत लागते ती इथे. एकच अक्षर वेगवेगळ्या सुरात म्हटलं की अर्थ बदलतो.

• पहिला सूर : आवाज उंच आणि सपाट. गाण्यातला एक स्वर धरून ठेवल्यासारखा.
• दुसरा सूर : खालून वर चढणारा. आश्चर्याने 'काय?' विचारताना चढतो तसा.
• तिसरा सूर : खाली दबलेला. एकटा शब्द असेल तर शेवटी थोडा वर येतो.
• चौथा सूर : वरून झटकन खाली. दटावून 'बस!' म्हणताना पडतो तसा.

प्रसिद्ध उदाहरण 'मा' या अक्षराचं आहे. मा१ म्हणजे आई, मा२ म्हणजे तागासारखे धागे देणारी वनस्पती, मा३ म्हणजे घोडा आणि मा४ म्हणजे शिवी देणे. पुढे शब्दाजवळ दिलेला आकडा हा सुराचा आहे. आकडा नसेल तर ते अक्षर हलकं, बिनसुराचं म्हणायचं.

भेटीगाठीचे शब्द

• नी३ हाओ३ : नमस्कार. शब्दशः 'तू बरा'. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरात म्हणतात, म्हणून बोलताना 'नी२ हाओ३' ऐकू येतं.
• निन२ हाओ३ : आदराने नमस्कार. 'नी' आणि 'निन' यांतला फरक आपल्या 'तू' आणि 'आपण'सारखा आहे. वडीलधारी माणसं किंवा ग्राहक यांच्याशी 'निन' वापरतात.
• नी३ हाओ३ मा? : बरे आहात का? शेवटचा 'मा' म्हणजे आपला 'का'. साध्या वाक्याच्या शेवटी 'मा' लावला की प्रश्न तयार होतो, बाकी शब्दांची जागा बदलावी लागत नाही.
• छ१ ल मा? : जेवलात का? जुन्या पिढीत ही नमस्काराचीच एक रीत आहे. आपल्याकडे दारात भेटलेला शेजारी 'जेवलात का?' विचारतो तेव्हा तो ताट वाढायला निघालेला नसतो, तसंच हे.
• शिए४-शिए : धन्यवाद.
• पु२ ख४-छि : धन्यवादाला उत्तर. 'ख' म्हणजे पाहुणा. 'पाहुण्यासारखं वागू नका', म्हणजे आपलं 'परक्यासारखं काय करता!'
• तुइ४-पु-छी३ : माफ करा.
• मेइ२ क्वान१-शि : काही हरकत नाही.
• त्साइ४-चिएन४ : निरोप घेताना. शब्दशः 'पुन्हा भेटू'.
• वेइ२? : फोनवरचं 'हॅलो'.
• वो३ थिंग१ पु४ तोंग३ : मला कळलं नाही. शब्दशः 'मी ऐकतो, कळत नाही'. नवशिक्याने हे वाक्य सगळ्यात आधी पाठ करावं.

नाती : इंग्रजी जिथे तोकडी पडते

इंग्रजी यादीत 'अंकल' या एका शब्दापुढे तीन-चार चिनी शब्द दिसतात आणि गोंधळ उडतो. मराठीत आणलं की तो गोंधळ राहत नाही.

• मा१-मा : आई. (हो, 'मामा' म्हणजे आई!)
• पा४-पा : बाबा.
• च्यौ४-च्यौ : मामा.
• पो२-पो : वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे थोरले काका.
• षू१-षु : धाकटे काका.
• कू१-कु : आत्या.
• आ१-यि२ : मावशी.
• क१-क : दादा. ति४-ति : धाकटा भाऊ.
• चिए३-चिए : ताई. मेइ४-मेइ : धाकटी बहीण.

'आ१-यि२' हा शब्द नात्यापुरता राहत नाही. ओळख नसलेल्या मध्यमवयीन बाईला, घरकामाला येणाऱ्या बाईंनाही चीनमध्ये हीच हाक मारतात. आपल्याकडे 'मावशी' जशी सगळ्यांची असते, अगदी तशीच. रस्त्यात अनोळखी माणसाला मुलं 'षू१-षु' म्हणतात, म्हणजे 'काका'.

दुकानदार किंवा मालकाला 'लाओ२-पान३' म्हणायचं, म्हणजे आपला 'शेठ'. ड्रायव्हर, मेकॅनिक, कारागीर यांना 'ष१-फु', म्हणजे 'मिस्त्री' किंवा 'उस्ताद'. एक सावधगिरी मात्र ठेवा. जुन्या पुस्तकांत तरुण मुलीला 'शिआओ२-चिए३' म्हणा असं लिहिलेलं असतं. चीनच्या बऱ्याच भागांत आता त्याला वाईट अर्थ चिकटला आहे. हॉटेलात वाढणाऱ्या माणसाला बोलावताना 'फु२-वु४-युआन२' म्हणावं, मग तो पुरुष असो वा स्त्री.

व्यवहाराचे शब्द : इथे चूक महागात पडते

समजा वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव किंवा सातिवलीत तुमचा छोटा गाळा आहे. प्लास्टिकचे साचे, पॅकिंगचं यंत्र किंवा सुटे भाग तुम्ही चीनमधून मागवता. समोरचा माणूस थोडं इंग्रजी, थोडं चिनी बोलतो. अशा वेळी पुढचे शब्द कामाला येतात.

• तुओ१-षाओ छिएन२? : किती पैसे?
• थाइ४ क्वेइ४ ल : फार महाग आहे.
• फिएन२-यि यि४-तिएन३ : थोडं स्वस्त करा.
• याओ४ : पाहिजे. पु२ याओ४ : नको.
• यौ३ : आहे. मेइ२ यौ३ : नाही.
• ख्वाइ४ : बोलीभाषेत युआन.

आता फसवणारे शब्द पाहू.

१. माइ३ आणि माइ४. माइ३ म्हणजे विकत घेणे आणि माइ४ म्हणजे विकणे. फरक फक्त सुराचा. दोन्ही जोडून 'माइ३-माइ' म्हटलं की अर्थ होतो व्यापार. सुराची खात्री नसेल तर बोलण्याऐवजी लिहून दाखवा.

२. वान४. आपण हजारानंतर लाखावर जातो. चिनी माणूस हजारानंतर दहा हजारावर थांबतो, त्या एककाला 'वान४' म्हणतात. १ वान म्हणजे १०,०००. आपला १ लाख म्हणजे १० वान. आपले १० लाख म्हणजे १०० वान आणि १ कोटी म्हणजे १,००० वान. त्यापुढचं एकक 'यि४', म्हणजे १० कोटी. 'सान१ वान४ नग' ऐकून कुणी ३ लाख समजला, तर तो दहापट चुकला. त्याने सांगितलेत ३०,०००.

३. १४ की ४०? दहा म्हणजे 'ष२', चार म्हणजे 'स४'. १४ म्हणजे 'ष२-स४' आणि ४० म्हणजे 'स४-ष२'. त्यात दक्षिण चीनमधले बरेच लोक 'ष'चाही उच्चार 'स' करतात. म्हणून आकडा कानावर न सोडता स्क्रीनवर लिहून घ्यावा.

४. चिन१. वजनाचं हे माप म्हणजे ५०० ग्रॅम, आपला अर्धा किलो. किलोला 'कोंग१-चिन१' म्हणतात. भाव 'चिन'चा असेल आणि तुम्ही तो किलोचा समजलात, तर माल निम्म्या किमतीत मिळतोय असं वाटेल. बिल येईल तेव्हा रक्कम दुप्पट असेल.

५. पा१ च२. दुकानात मोठ्या अक्षरांत '८' आणि पुढे सवलतीचं चिन्ह दिसतं. 'पा१' म्हणजे आठ. पण याचा अर्थ ८० टक्के सूट असा नाही. दहा भागांतले आठ भाग द्यायचे, म्हणजे सूट फक्त २० टक्के. '९' असेल तर १० टक्के. आकडा जितका मोठा, तितकी सूट कमी.

६. तिंग४-चिन१. ऑर्डरच्या वेळी आगाऊ रक्कम मागतात. तिच्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, पण दोघांचा उच्चार आणि सूर एकच. लिहिताना फक्त पहिलं अक्षर बदलतं. एका शब्दाचा अर्थ साधी आगाऊ रक्कम. दुसऱ्याचा अर्थ कायद्यातली इसाराची रक्कम. घेणाऱ्याने करार मोडला तर इसार बुडतो आणि विकणाऱ्याने मोडला तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. म्हणजे फोनवर ऐकून हा फरक कळूच शकत नाही. पैसे पाठवण्याआधी लेखी करार बघा आणि चिनी वाचता येणाऱ्या माणसाकडून ते अक्षर तपासून घ्या.

७. मा३-षांग४. अर्थ 'लगेच', शब्दशः 'घोड्यावर'. आपण घाई करणाऱ्याला 'घोड्यावर बसून आलास का?' म्हणतो, तिथेही घाईला घोडाच लागतो! मात्र व्यवहारात 'मा३-षांग४' म्हणजे पाच मिनिटंही असू शकतात आणि दोन तासही. तसंच 'छा४-पु-तुओ१' म्हणजे 'जवळपास'. 'माल छा४-पु-तुओ१ तयार आहे' याचा अर्थ माल तयार नाही. तारीख विचारा.

८. खाओ३-ल्यू४ खाओ३-ल्यू. 'विचार करतो'. पुष्कळदा हा सभ्य भाषेतला नकार असतो. 'बघू या' म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

सोशल मीडियावर दिसणारे शब्द

• च्या१-यौ२ : शब्दशः 'तेल घाला'. सामना, परीक्षा, आजारपण, कुठेही हिंमत द्यायला वापरतात. आपलं 'जोर लाव!'
• ६६६ : सहा म्हणजे 'ल्यौ४'. तीनदा लिहिलं की अर्थ 'एकदम भारी'.
• ५२० : 'वू३ अर४ लिंग२'. ऐकायला 'वो३ आइ४ नी३', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' याच्या जवळ जातं. म्हणून २० मे हा तिथे प्रेमाचा दिवस झाला आहे.
• ८८ : 'पा१-पा१'. इंग्रजी 'बाय बाय'ची नक्कल.
• ४ : चार 'स४' आणि मरण 'स३' यांचे उच्चार जवळचे. म्हणून हा आकडा अशुभ मानतात. काही इमारतींत चौथा मजला क्रमांकातून गाळलेला असतो.

तुम्हाला आधीच येणारे चिनी शब्द

विरार, नालासोपारा किंवा वसई रोड स्टेशनबाहेर संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाडीवरचा बोर्ड वाचा. 'चाऊमीन' म्हणजे 'छाओ३ मिएन४', परतलेल्या नूडल्स. 'शेजवान' हे 'स४-छ्वान१' या प्रांताचं नाव. स४ म्हणजे चार आणि छ्वान१ म्हणजे नदी. 'हक्का' हे एका समाजाचं नाव, अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. मँडरिनमध्ये तोच शब्द 'ख४-च्या१' होतो. 'पु२ ख४-छि'मधला पाहुणा तो हाच! 'मांचुरियन' मात्र चीनमध्ये मागून मिळणार नाही. तो पदार्थ मुंबईत जन्मला.

'लिची' हे फळाचं नाव चिनी. आणि 'चहा'सुद्धा मुळात चिनी 'छा२'. जगात चहाची दोन नावं पसरली, दोन्ही चीनमधूनच. दक्षिण किनाऱ्यावरच्या मिन बोलीतलं 'ते' डच व्यापाऱ्यांमार्फत युरोपात गेलं आणि इंग्रजी 'टी' झालं. 'चा' हे नाव खुष्कीच्या मार्गाने इराणकडे आणि मकावमधून पोर्तुगीजांकडे गेलं. पोर्तुगीज १५५७ पासून मकावमध्ये होते आणि १५३४ ते १७३९ पर्यंत वसईतही. म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ वसई आणि मकाव एकाच सत्तेखाली होते. पोर्तुगीज भाषेत चहाचं नाव आजही 'चा'च्याच कुळातलं आहे.

आपल्याकडून चीनमध्ये गेलेले शब्द

ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. नालासोपाऱ्याजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी प्राचीन बौद्ध स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. सोपारा हे जुनं बंदर आणि बौद्ध केंद्र. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सापडले. भारतातून बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा ग्रंथांबरोबर शब्दही गेले.

• था३ : मनोरा. मूळ 'स्तूप', पालीत 'थूप'.
• छान२ : मूळ 'ध्यान'. जपानमध्ये त्याचंच 'झेन' झालं.
• छा४-ना४ : क्षणभर. मूळ 'क्षण'.
• फिंग२-क्वो३ : सफरचंद. भाषेचे अभ्यासक याचं मूळ संस्कृत 'बिंब' या फळाच्या नावात शोधतात.
• मो४-ली४ : मोगरा. मूळ 'मल्लिका'.

वसईच्या वाड्यांतला मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो. त्याच फुलाचं नाव चीनमधल्या चहाच्या डब्यावर 'मो४-ली४' असं असतं आणि त्याचं मूळ आपल्याकडचं आहे.

एक मराठी माणूस जो चिनी शिकला

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायचे, तर त्यांना कुठे दुखतंय हे त्यांच्याच भाषेत कळायला हवं. कोटणीस चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. तिथे त्यांचं नाव 'ख१ ति४-ह्वा२' झालं. 'ह्वा२' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत हे अक्षर होतं. परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचं नाव ठेवलं 'यिन४-ह्वा२'. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी डॉ. कोटणीस चीनमध्येच वारले. त्यांच्या नावाचा आदर तिथे आजही केला जातो.

सुरुवात कशी करायची?

आधी दहा वाक्यं घ्या, जास्त नको. ती इंग्रजी अक्षरांत न लिहिता देवनागरीत लिहा आणि शेजारी सुराचा आकडा टाका. मूळ आवाज ऐकून मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ताडून पाहा. गप्पा मारताना सूर चुकला तरी हरकत नाही, समोरचा हसेल आणि दुरुस्त करेल. पण पैसे, वजन, नग आणि तारीख या चार गोष्टी कधीही नुसत्या ऐकून पक्क्या करू नका, त्या आकड्यांत लिहून घ्या. आणि काहीच कळलं नाही, तर न लाजता म्हणा, 'वो३ थिंग१ पु४ तोंग३'.

ही माहिती उपयोगी वाटली तर चीनमधून माल मागवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाला जरूर पाठवा. निदान 'वान' आणि 'चिन' एवढे दोन शब्द तरी त्याच्या कानावर पडू द्या.